घरात दोन्ही मुलीच, मग कानबाई पुढे कोण बसवणार?

बोरीकाठची (धागाकर्ती)

आषाढ लागला की आमच्या घरात कानबाईचं बोलणं सुरू होतं. कोण कधी येणार, भिंतींना रंग कधी द्यायचा, पितळेची भांडी कोण घासणार. यंदा त्याला वेगळेच फाटे फुटलेत, म्हणून इथे मांडते.

खान्देशाबाहेरच्यांसाठी आधी थोडक्यात. नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साडी, दागिने करून चौरंगावर बसवतात. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर. हे सगळं गल्लीसमोर, सगळ्यांना घेऊन. पण रोट मात्र फक्त कुळाचे. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू नि हरभऱ्याची डाळ मोजायची, दळायची, त्याचे रोट करायचे आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला कण देत नाहीत. उष्टं उंबऱ्याबाहेर टाकत नाहीत, हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात. सून रोट खाते, कारण ती कुळात आली. लग्न न झालेली मुलगी खाते. लग्न झालेली खात नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. घरागणिक रीत थोडी बदलते, आमच्याकडे अशी आहे.

आता आमचं. यजमान थोरले. धाकटे दीर सुरतेला, त्यांना एक मुलगा. आम्हाला दोन मुली. थोरलीचं गेल्या हिवाळ्यात लग्न झालं, जावई सांगलीकडचे. धाकटी नाशिकला नोकरी करते. परवा धुळ्याच्या नणंदबाईंचा फोन आला. सासूबाई थकल्या, आता कानबाईचे नारळ सुरतेला पुतण्याच्या घरी द्या, तुमच्याकडे पुढे बसवणारं आहे कोण? फोन स्पीकरवर होता आणि थोरली माहेरपणाला आलेली. तिने ऐकलं. तिचं म्हणणं असं की पुरण ती शाळेत असल्यापासून वाटते, आजीची गाणी घरात तिलाच पाठ आहेत, आणि आता तिने लांब बसून फक्त बघायचं?

मला काही सुचलं नाही. मी अकोल्याची. कानबाई म्हणजे काय ते लग्न होईपर्यंत मला माहीतही नव्हतं. पहिल्याच श्रावणात मला ताटाला बसवलं, आणि जिचा जन्म या घरातला तिला उठवायचं.

मुलीच असलेल्या घरांत काय करतात ते सांगा. उपदेश नको, अनुभव हवेत.

जिभाऊ_पारोळेकर

ताई, उपदेश नको म्हणालात म्हणून आमच्या वाड्यातलंच सांगतो. दोन चुलत भाऊ, बांधावरून कोर्टात. एक ओट्यावर बसला असेल तर दुसरा मागच्या बोळातून जाणार. पोरांच्या लग्नात एकमेकांना पत्रिका नाहीत. पण रोटाला दोघं एका ताटात. थोरला रोट मोडून अर्धा धाकट्याच्या बाजूला सरकवायचा, तोंडातून शब्द नाही. धाकटा तुपाची वाटी त्याच्यापुढे ढकलायचा, तोही गप्प. मी लहानपणापासून हे बघितलंय. तारीख मंगळवारी असली तरी सोमवारी नदीवर चौरंगाला दोघांचे हात. कुठल्या तंटामुक्ती समितीने असं करून दाखवलंय?

हे जमतं कारण ताट कुळाचं आहे. कोणाला बोलवायचं, कोणाला नाही, असा प्रश्नच येत नाही. जन्माने किंवा लग्नाने जो आत आहे तो येणारच, आवडो न आवडो. एकदा आवडीनिवडीने ताटाला बसवायला लागलात की पुढच्या वर्षी ज्याच्याशी भांडण त्याला वगळणार. मुलीवर प्रेम नाही असं कोण म्हणतो? तिला पुरणपोळी आहे, साडी आहे, मान आहे. रोट तिला सासरचे आहेत.

तर्कट_मास्तर

सासर सांगलीचं आहे जिभाऊ. तिथे कुठले रोट?

जिभाऊ_पारोळेकर

तो जावई शोधताना विचार करायचा होता.

तर्कट_मास्तर

म्हणजे स्थळ बघताना पत्रिका, पगार आणि रोट. बरं.

मी चोपड्याचा, शाळेत शिकवतो, स्वतः देव मानत नाही, बायको मानते. घरात दिवाबत्ती ती करते, मी आड येत नाही. पण रोटाचा प्रश्न देवाचा नाहीच. पुरुषामागे सव्वा मूठ, इथेच सगळं आलं. वाटायचं, लाटायचं, रांधायचं, घासायचं, रात्रभर गायचं बायांनी, आणि मोजायचं पुरुषांना.

एक गंमत सांगतो, हा माझा आवडता विषय आहे म्हणून थोडं लांबेल. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क द्यावा, असा बदल महाराष्ट्राने १९९४ सालीच केला होता. केंद्राच्या आधी. पण त्यात मेख होती: तो कायदा येण्याआधी जिचं लग्न झालं ती वगळली. हुबेहूब रोटाचा नियम! मग २००५ मध्ये केंद्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती केली, ९ सप्टेंबरपासून लागू, आणि लग्नाची अट गेली. त्यावरही कोर्टांत वाद चालू राहिले, की त्या तारखेला वडील हयात असले तरच हक्क की नसले तरी? २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हक्क जन्माचा आहे, वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही. म्हणजे सरकारला मुलीचं लग्न झालं तरी ती त्याच घराची हे कळायला अकरा वर्षं लागली आणि ते पक्कं व्हायला आणखी पंधरा. कानबाईला थोडा वेळ द्यायला माझी हरकत नाही.

आणि हो, कायदा झाला तरी गावात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणायचं, आंब्याचा रस वाढायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडीवर सही घ्यायची.

आखाजीचा_झोका

मास्तर, तुम्हनं आखाजीवर बोलनं माले आवडनं नही, पन खोटं नही.

मन्हं माहेर साक्री, सासर शिंदखेडा. माहेरना रोट माले चालतस नहीत, सासरना चालतस. बाकीचं प्रमाण मराठीत लिहिते, नाहीतर मास्तर लाल पेन काढतील.

बोरीकाठच्या ताई, आम्हाला सासर-माहेर दोन्ही खान्देशातलं असल्याने ही अडचण कधी जाणवलीच नाही. दोन्हीकडे कानबाई एकाच रविवारी, त्यामुळे माहेरी जायचा प्रश्न येत नाही. आखाजी आमची, म्हणजे लेकींची. मुऱ्हाळी घ्यायला येतो, गौराई, झोके, सांजोऱ्या, सासरच्यांवर रचलेली गाणी. श्रावण सुनांचा. अशी वाटणी होती आणि ती चालायची, कारण पोरी दहा-वीस कोसांत दिल्या जायच्या. तुमची थोरली सांगलीला गेली, तिला आखाजीही लांब आणि रोटही नाहीत. नियम तोच राहिला, अंतर बदललं.

पण मला लिहायचं आहे ते तुमच्या नणंदबाईंबद्दल. त्यांचा राग येतोय का तुम्हाला? मला माझ्या आत्याचा यायचा. सगळ्यात कडक तीच. आम्ही पोरी रोटाच्या ताटाजवळून गेलो तरी "सरका, पदर लागेल" म्हणून ओरडायची. तिचं लग्न होऊन कितीतरी वर्षं झालेली, ती स्वतः लांब खांबाला टेकून बसलेली असायची. ताट उचललं जाईपर्यंत तिथून हलायची नाही. मोठी झाल्यावर कळलं. जिने इतकी वर्षं लांबून बघितलं तिला आज कोणी म्हणालं की त्याची काही गरजच नव्हती, तर तिने ती वर्षं कुठे ठेवायची? नियम मोडायला भाऊ एकवेळ तयार होतील. आत्या होत नाही.

बोरीकाठची (धागाकर्ती)

हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि चहा करायला गेले. नणंदबाई अगदी अशाच बसतात, फक्त खांब नाही, धान्याच्या कोठीजवळ.

मास्तर, हक्कसोडीचं बोललात ते आमच्याकडेही आहे. सासरे गेल्यापासून सातबाऱ्यावर सासूबाई, यजमान, दीर, नणंदबाई अशी चौघांची नावं. दिरांचं बरेच दिवस चाललंय की बहिणीची सही घेऊन टाकू. नणंदबाई "देईन की" म्हणतात. अजून दिलेली नाही.

सुरतेची_खोली

आम्ही लिंबायतला राहतो. मूळ गाव शिरपूरकडचं. सुरतेत कानबाई कशी बसते ते सांगतो, कारण नारळ इथे पाठवायची गोष्ट चालली आहे.

उधना, लिंबायत, डिंडोलीत खान्देशी एवढे आहेत की त्या रविवारी गल्लीत अहिराणीच ऐकू येते. ताप्ती लाईनच्या (सुरत-भुसावळ) गाड्यांना त्या आठवड्यात उभं राहायला जागा नसते. अर्धे गावाकडे जातात, अर्ध्यांचे नातेवाईक इकडे येतात. विसर्जनही तापीतच, नदी तीच, फक्त समुद्राजवळची. तेव्हा सुरतेला पाठवली म्हणजे देवी परक्या ठिकाणी गेली असं नाही.

पण खोली केवढी ते विचारा. आमची एक खोली नि ओटा. चौरंग ठेवला की माणसं जिन्यात. दळणासाठी गिरणीवाला आधी गिरणी धुऊन घेतो, सकाळपासून रोटाच्या दळणाचीच रांग, त्यात बायको पहाटे उभी. सोवळं पाळायचं तर नळ सामायिक. वडील होते तोवर होत होतं. आता माझा मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात बारा तास बसतो, रविवारी झोपतो. त्याला नारळ दिले तर तो नाही म्हणणार नाही. बसवेल की नाही, ते सांगता येत नाही. तुमच्या पुतण्याला विचारलंय का कुणी? की मुलगा आहे एवढंच पुरे?

बोरीकाठची (धागाकर्ती)

खरं सांगायचं तर विचारलं नव्हतं. काल फोन केला. "मोठ्या आई, तुम्ही म्हणाल तसं" म्हणाला. मग दोन मिनिटांनी, "मम्मीला गुडघ्याचा त्रास आहे पण."

फराळाला_आलो

अवांतर: गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी कुणी बिया-साल काढून करतं की सालासकट? आमच्याकडे यावरून दरवर्षी भांडण.

आखाजीचा_झोका

सालासकट. यावर चर्चा नको.

ऋद्धिपूर_नाही_सारंगखेडा

(आयडीची गोष्ट जुनी आहे, सोडा.)

माझं माहेर महानुभाव पंथाचं. सारंगखेड्याजवळचं गाव. दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार बघायला सगळा महाराष्ट्र येतो, आम्ही एकमुखी दत्ताच्या दर्शनाला जातो. पंथात पाच कृष्ण: श्रीकृष्ण, दत्तात्रेय प्रभू, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर स्वामी. बाकी कुठल्या देवतेला आम्ही हात जोडत नाही. आणि लग्न झालं कानबाईच्या घरात. प्रेमविवाह, त्यामुळे आधी विचार करायचा होता हे जिभाऊंचं वाक्य मला आधीच ऐकवून झालंय.

पहिल्या श्रावणात सासूबाईंनी विचारलं, तू काय करशील नि काय नाही ते आत्ताच सांग, ऐनवेळी तोंड पाडून बसू नकोस. मी म्हटलं, घर सारवते, भांडी घासते, पोळ्या लाटते, पाहुण्यांचं बघते. पूजेला बसणार नाही, आरतीला हात जोडणार नाही. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पोळ्या लाटतेस ना, मग ताटाला बसायचं. मी बसते. रोट मी प्रसाद म्हणून खात नाही, सासूबाईंनी दिला म्हणून खाते. माझ्या पंथाचा उपदेश घेतलेल्या आजीला हे पटलं नसतं, आणि सासूबाईंच्या जावेला अजून पटत नाही. पण त्या घरात माझी संध्याकाळची नामस्मरणाची वेळ झाली की टीव्हीचा आवाज सासूबाई स्वतः कमी करतात. मुलगा दोन्हीकडे जातो. त्याला एकदा विचारलं, तुला कुठलं आवडतं, तर म्हणाला घोडे.

म्हणजे बघा, जिची देवीवर श्रद्धाच नाही ती मी आत. ताईंची थोरली, जिची आहे, ती बाहेर.

जिभाऊ_पारोळेकर

तुमच्या सासूबाई मोठ्या मनाच्या. पण तुम्ही सून आहात. नियम मोडला कुठे?

रंगावलीकाठ

मी नवापूरचा, मावची आदिवासी, ख्रिस्ती. आमच्याकडे कानबाई नाही, पण घरातल्या प्रार्थनेबद्दल लिहावंसं वाटलं.

आमच्यात रात्रीच्या जेवणाआधी घरची प्रार्थना असते. सगळे खाली बसतात, बायबलातला एक भाग कोणीतरी वाचतं, बहुधा जो शाळेत जातो तो, कारण वाचनाचा सरावही होतो. मग वडील प्रार्थना करतात, मराठीत सुरुवात करून मावचीत शिरतात. मोठी प्रार्थना असली की मावची सुरू कधी झाली त्यावरून आम्हाला कळायचं की विषय गंभीर आहे. एक रीत आहे: ज्या दोघांचं दिवसात भांडण झालं असेल त्यांनी आधी ते मिटवायचं, मग डोळे मिटायचे. लहानपणी भूक लागलेली असायची, त्यामुळे मी आणि माझा भाऊ फार लवकर मिटवायचो. मनापासून की भुकेपोटी, ते देवालाच ठाऊक.

आणि नावं. वडील शेवटी घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतात. बहिणीचं लग्न गुजरातेत झालं, पहिल्या रात्री आम्ही सगळे वाट बघत होतो की नाव येतं का. आलं. तिच्या जागीच आलं, माझ्या आधी, कारण ती मोठी. मग तिच्या नवऱ्याचं. आता भाचरांचीही नावं येतात, प्रार्थना लांबतच चालली आहे आणि भात गार होतो. नाव वाढतं, गळत नाही. तुमच्या रिवाजावर बोलायचा मला अधिकार नाही, आमच्याकडे काय होतं तेवढं सांगितलं.

बोरीकाठची (धागाकर्ती)

दादा, अधिकार कसला, बरं केलंत लिहिलंत. तुमचं वाचून एक लक्षात आलं. आमच्या सासूबाई तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावतात, तुळशीपाशी एक ठेवतात आणि मग ओट्यावर बसून पुटपुटतात. मी कधी नीट ऐकलं नव्हतं. काल भाजी निवडायच्या निमित्ताने शेजारी बसले. सगळ्यांची नावं घेतात. सुरतेचा नातू, आमच्या दोघी, सांगलीचे जावई ("त्या पावनाले बी"), नणंदबाई, त्यांची मुलं, शेजारची एक बाई जिचं ऑपरेशन आहे ती, आणि गाभण म्हैस. दिव्याजवळ सगळे चालतात. ताटाजवळ मोजणी होते. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दिवा रोजना शे. रोट वरीसना." एवढंच.

यात उत्तर आहे की नाही ते मला कळलेलं नाही.

तर्कट_मास्तर

म्हैस आहे, सून आहे का यादीत?

बोरीकाठची (धागाकर्ती)

आहे हो. म्हशीच्या आधी.

पूर्णाथडी

उशिरा वाचला धागा. आम्ही मुक्ताईनगरजवळचे, घरात वारी. आमच्या भागात भक्तीचा विषय निघाला की आधी बाईचंच नाव येतं. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी इथून निघते, सगळ्यात लांबून पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांतली ही एक. वैशाख वद्य दशमीला तिच्या अंतर्धान होण्याचा सोहळा असतो. जरा पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. एवढा मोठा योगी, त्याने गुरू केली ती पोरवयाच्या मुक्ताईला. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा दार उघडायला लावणारी तीच. घराचं दार बहिणीने उघडून घेतलं, हे आमच्याकडे कीर्तनात दरवर्षी सांगतात. आणि कीर्तन संपल्यावर पंगतीत बाया शेवटी बसतात, तेही खरंच आहे.

आमच्या घरात वारीची माळ आजोबांकडून माझ्या बहिणीकडे गेली. भाऊ दोन होतो, आम्ही दोघेही घातली तर पाळणार नव्हतो, आजोबांना ते माहीत होतं. "ज्याच्याने पाळवेल त्याने घ्यावी" म्हणाले. माळेत कुळ आडवं येत नाही, त्यामुळे सोपं गेलं. कानबाईचं कुळाशी बांधलेलं आहे, ते तेवढं सोपं नाही, जिभाऊंचं म्हणणं मी अगदीच उडवून लावणार नाही. एका ताटात बसलेले ते दोन भाऊ डोळ्यांसमोर येतात. पण ताट कुळाचं असेल तर कुळ कशाने मोजायचं, हा प्रश्न राहतोच. मुलगाच नसलेल्या घरी जिभाऊ, तुमच्या वाड्यात काय करतात?

जिभाऊ_पारोळेकर

पुतण्याकडे जातं. पुतण्या नसेल तर चुलत. एका घरी कोणीच नव्हतं, त्यांनी नारळ नदीत सोडले. नंतर त्या बाईने मुलीच्या हट्टाने साधी कानबाई बसवायला सुरुवात केली, गल्लीसोबत, रोट न करता. लोक जातात तिच्याकडे. मीही जातो. गाणी तिच्याकडेच चांगली होतात.

आखाजीचा_झोका

मंग जिभाऊ, तुम्हीच सांगं ना उत्तर!

जिभाऊ_पारोळेकर

ते उत्तर नाही. रोट तिथे होत नाहीत.

बोरीकाठची (धागाकर्ती)

सण झाला. काहीजणांनी विचारपूस केली म्हणून लिहिते, थोडं विस्कळीत होईल.

दीर-जाऊबाई आले, पुतण्याला सुट्टी मिळाली नाही. नणंदबाई शनिवारीच आल्या. थोरली जावयांसह आली. जावयांना काही कळत नव्हतं, पण सोमवारी चौरंग उचलायला त्यांनाच पुढे केलं, कारण दिरांची पाठ धरलेली. सांगलीचा माणूस बोरीच्या पाण्यात गुडघाभर उभा, डोक्यावर कानबाई, आणि बाया मागून सांगतायत "हळू, हळू, नथ सांभाळा."

गहू मोजायला सासूबाई बसल्या. मुठी मोजताना कोणी बोलायचं नसतं. यजमानांची, दिरांची, पुतण्याची. थोरली दारात उभी होती. सासूबाईंनी हात पुसला आणि उठल्या. म्हणजे नाही. सिनेमात झालं असतं तसं काही झालं नाही. रात्री थोरलीने विचारलंच. सासूबाई म्हणाल्या, मी आहे तोवर मला जसं शिकवलं तसंच करीन, माझ्याकडून दुसरं होणार नाही. मी गेल्यावर तुमचं तुम्ही बघा, मी वरून विचारायला येणार नाही. नारळ मात्र इथेच राहतील, सुरतेला नाहीत. यावर दिरांनी सुटकेचा श्वास टाकला, ते लपलं नाही. जाऊबाईंनी तर सरळ माझा हात दाबला.

थोरली रागात होती, जेवताना कोणाशी बोलली नाही. धाकटी, जी एरवी देवाबद्दल मास्तरांसारखंच बोलते, ती रोटाच्या ताटाला बसली, अजून लग्न व्हायचं आहे ना. एक घास खाऊन उठली आणि ताईजवळ पुरणपोळीच्या पंगतीत जाऊन बसली. कोणी काही बोललं नाही. जागरणाला मात्र थोरलीशिवाय कोणाचं चाललं नाही. आजीला मधली कडवी आठवत नव्हती, ही लांबूनच सांगत होती, मग हळूहळू सरकत पुढे आली. पहाटेपर्यंत तिचाच आवाज. धाकटीने सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय. तिचं म्हणणं, देव असो नसो, ही गाणी माझ्याकडे पाहिजेत.

उद्या सासूबाईंनंतर मी काय करीन? गहू मोजायला मी बसले तर पाच मुठी घेईन, हे माझं ठरलंय. यजमानांना सांगितलं. ते "बघू" म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे निम्मं हो.

तर्कट_मास्तर

आणि हक्कसोडीचं? दीर आले होते म्हणून विचारतो.

बोरीकाठची (धागाकर्ती)

काढला विषय त्यांनी, मंगळवारी निघताना. तहसीलला जाऊन येऊ म्हणाले. नणंदबाई कोठीजवळच बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताटाले मी परकी. सही कराले बरी याद ऊनी?" आणि पिशवी उचलून एसटीला गेल्या. यजमान सोडायला गेले मागून.

रोटाच्या बाबतीत त्या अजूनही माझ्या विरुद्धच आहेत, हे सांगायला हवं. सहीचं वेगळं, रोटाचं वेगळं म्हणतात.

जिभाऊ_पारोळेकर

सहीचं त्यांचं बरोबर आहे. रोटाचंही त्यांचंच बरोबर आहे. पीठ उरलं असेल तर पौर्णिमेच्या आत संपवा, ताई.